घेऊन जा तुमचा माणूस

आमच्या वस्तीत माणूस गेला की त्याला फोटोतून कापून काढत. ऐकायला क्रूर वाटतं, पण त्यामागे रोखठोक व्यवहार होता. फोटो ही तेव्हा आयुष्यात एखाद्या वेळी, आणि तेही घोळक्यात उभं राहून, काढून घ्यायची गोष्ट. माणूस गेला की तेराव्याच्या आत भिंतीवर हार घातलेली तसबीर लागे. मग ट्रंका उपसल्या जात आणि तो कुठल्या तरी लग्नाच्या नाही तर उद्घाटनाच्या घोळक्यात मागच्या रांगेत सापडे. घोळका तसाच स्टुडिओत नेऊन "हा मोठा करा" म्हणण्यात धोका होता. गुजरीजवळच्या एका घरात तो धोका घडून गेला होता. बोट एकावर ठेवलं आणि शेजारचाच मोठा होऊन आला. कोट रंगवलेला, टोपी चढवलेली, चौकट सोनेरी. तेरावं दुसऱ्या दिवसावर आलेलं, बदलून आणायला वेळ नव्हता. त्या घरात पुढे कित्येक वर्षं त्या परक्या माणसाच्या तसबिरीला हार पडत राहिला. परका माणूस जिवंत होता. दिवाळीला फराळाला यायचा आणि स्वतःच्या हाराखाली बसून चिवडा खायचा.

तेव्हापासून वस्तीनं धडा घेतला. माणूस चुकू नये म्हणून ब्लेडनं नेमका आपला चौकोन कापायचा आणि तेवढाच स्टुडिओत द्यायचा. उरलेल्या फोटोचं काय, हा प्रश्न कोणाला पडला नाही. उरलेले अजून जिवंत होते. त्यांची पाळी यायची होती.

असा एक फोटो आमच्या घरी होता. वस्तीत पहिला सार्वजनिक नळ आला, त्या दिवशीचा. माझा जन्म व्हायचा होता. माझे वडील कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होते आणि वर फुकटचे वार्ताहर. सीमेपलीकडून बसनं येणाऱ्या एका मराठी वर्तमानपत्राला ते आदिलाबादच्या बातम्या धाडत. नळाच्या दरख्वास्ती त्यांनीच लिहिल्या होत्या, म्हणून फोटोची प्रत त्यांनी विकत घेतली, पुठ्ठ्यावर न चिकटवता तशीच ठेवली, आणि तिच्या पाठीवर खळीनं ती बातमी चिकटवली. पुढे माणसं, मागे बातमी. इतिहास असा दोन्ही बाजूंनी पक्का केला की हलणार नाही, असा त्यांचा हिशेब असावा.

त्या बातमीबद्दल वडील म्हातारपणी हसत सांगत. वर्तमानपत्राला वेळेवर मिळावी म्हणून त्यांनी ती आदल्या दिवशीच लिहून बसमध्ये दिली होती. तीत उद्घाटनाला येणाऱ्या साहेबांच्या शुभहस्ते नळाची तोटी फिरवली गेली होती आणि पाण्याची धार पाहून नागरिकांत आनंदाची लहर पसरली होती. प्रत्यक्षात साहेबांची जीप उटनूरच्या घाटात बंद पडली, ते आलेच नाहीत. तोटी फिरवली ती आमच्या गल्लीतल्या एका दुकानदारानं, आणि पाणी आलं नाही. फोटो कोरड्या नळासमोर निघाला. पाणी संध्याकाळी आलं, एका सांध्यातली माती काढल्यावर.

ती माती काढणारा फोटोत आहे. पुढे खुर्च्यांवर बसलेले, त्यांच्या मागे उभे असलेले, आणि सगळ्यांच्या मागे, नळाच्या बाजूला, खोदलेल्या मातीच्या ढिगावर खांद्यावर कुदळ घेतलेला एक माणूस. जवळच्या मावला गावाकडे त्याचा भाजीचा मळा होता. नळाचा चर वस्तीनं श्रमदानानं खणला असं बातमीत होतं. त्याचा अर्थ असा, की श्रम त्याचे आणि त्याच्यासारख्या दोघा-तिघांचे, आणि दान बाकीच्यांचं. बातमीत त्याचं नाव नव्हतं. खुर्चीवरच्या सगळ्यांची होती, उभ्या असलेल्यांतल्या बऱ्याच जणांची होती, आणि शेवटी 'आदी मान्यवर उपस्थित होते' असं होतं. वडिलांना मी एकदा विचारलं, की आदीमध्ये तो येतो का. ते म्हणाले, "आदी मान्यवर, असं लिहिलंय ना. मान्यवर कुदळ घेऊन उभे राहत नाहीत." त्यांना स्वतःच्या वाक्याची लाज वाटली की नाही, ते मला कळलं नाही. मला वाटली.

पुढे एकेक जण जाऊ लागला आणि लोक आमच्या दारात येऊ लागले. आई फोटो काढून पाटावर पसरी, वडिलांच्या दाढीच्या डब्यातलं ब्लेड पुढे ठेवी आणि म्हणे, "घेऊन जा तुमचा माणूस." चहा विचारी. शेजारच्याचा कान जाऊ नये म्हणून लोक जिभेचं टोक दातात धरून कापत. फोटोबरोबर पाठीवरची बातमीही कापली जाई. कोणाच्या डोक्यामागे 'शुभहस्ते' गेलं, कोणाच्या मागे 'आनंदाची'. मी बँकेत नोकरीला लागले तोवर फोटोची जाळी झाली होती आणि बातमी वाचता येत नव्हती.

कुदळवाला मात्र जागेवर होता. तो गेला तेव्हा त्याची मुलगी आली होती. तीच आमची भाजीवाली मावशी. तेव्हा नुकती लग्न झालेली, आज पार वाकलेली, पण टोपली अजून स्वतः उतरवते. आईनं ब्लेड पुढे केलं. हरभऱ्याएवढा चेहरा. मावशीनं तो बराच वेळ पाहिला आणि ब्लेड परत सरकवलं.

"राहू द्या, काकू. एकटा काहाले काढू त्याले? चार लोकात उभा हाय, बरा दिसते."

तेव्हापासून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती येते. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. तिच्या घरी घागर भरून झाली की ती आमच्याकडे येऊन बापाला पाहते, आंब्याचं पन्हं पिते आणि जाते. बापाचा दुसरा फोटो नाही. आई गेली, वडील गेले, ही पद्धत माझ्याकडे आली.

यंदा आखाजीच्या आधी आमच्या वस्तीला इतिहासाची बाधा झाली.

नवा कम्युनिटी हॉल बांधून झाला होता. तो नळाच्या जागेवर बांधला आहे. सुशोभीकरणात नळ बसत नव्हता, म्हणून काढला. वस्ती समितीच्या अध्यक्षांनी ठरवलं, की हॉलचं उद्घाटन जुनी कात्रणं आणि जुने फोटो यांच्या प्रदर्शनानं करायचं. विषय: आपल्या वस्तीत पाणी कसं आलं. नळ मोडून नळाचं प्रदर्शन, यात काही विसंगत आहे असं मी त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "ताई, जुनं गेल्याशिवाय जुन्याची आठवण कशी राहील?" त्यांचं लोखंडाचं दुकान आहे, पण बोलणं सगळं तयार फर्निचरच्या दुकानातलं. तोटी फिरवणारा दुकानदार त्यांचा आजोबा. त्याचा चौकोन फार पूर्वी कापला गेला होता. तो त्यांच्या दुकानात गल्ल्याच्या वर हार घालून आहे.

मी फोटो दिला तो एका अटीवर: आखाजीच्या आत परत पाहिजे. अध्यक्षांनी दोन्ही हात जोडून शब्द दिला. आमच्याकडे हात जोडून दिलेल्या शब्दाला पकडायला हात उरत नाही, हे मला एवढं वय होऊन आठवायला हवं होतं.

उद्घाटनाला मावशी आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, नातसुनेनं मोटारसायकलवरून आणून सोडलेली. मी तिला सांगितलं होतं, की तुमचा बाप भिंतीएवढा होऊन लागणार आहे. आत गेलो तर खरंच भिंतीएवढा फ्लेक्स होता. नळ, हार, तीन रांगा. वरच्या कोपऱ्यात अध्यक्षांचं स्वतःचं, नळापेक्षा मोठं, लंबगोल छायाचित्र. आणि फोटोत भोकं नव्हती.

सगळे होते. कापून नेलेले, मेलेले, भिंतीवर गेलेले, सगळे परत आलेले. गोरेपान. एकाच नाकाचे. दातांची रांग अशी, की त्या काळात आदिलाबादमध्ये पान कोणी खातच नव्हतं असं वाटावं. एकाला टाय होता. ज्यांना कोणी कापलं नव्हतं, त्यांनाही धुऊन काढलं होतं. माझ्या वडिलांना भरगच्च केस आले होते. आईनं ते कधी पाहिले नाहीत. खाली कात्रणही नवीन करून छापलं होतं, ठळक अक्षरांत, आणि 'यांच्या शुभहस्ते'च्या आधी जिथे साहेबांचं नाव होतं तिथे अध्यक्षांच्या आजोबांचं नाव, मागे दोन पदव्या लावून. वडिलांनी आदल्या दिवशी लिहिलेलं खोटं निदान बसच्या वेळेसाठी होतं. हे खोटं सावकाश बसून केलेलं.

फ्लेक्सचं दुकान चालवणारा माणूस तिथेच उभा होता, कौतुक ऐकायला. मी विचारलं, ही माणसं कोण? तो खुशीत म्हणाला, "अम्मा, एआय से किया. फोटो में तो छेद ही छेद थे. एकदम नया कर दिया."

आणि लोक ओळखत होते! याची मला जास्त चीड आली. माझ्या शेजारी निवृत्त हेडमास्तर उभे होते, शिकलेला माणूस. टायवाल्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "आमचे आजोबा. कपाळ पाहा, तंतोतंत." त्यांच्या आजोबांची तसबीर मी लहानपणापासून पाहत आले आहे, त्या कपाळावर आठ्यांखेरीज काही नव्हतं. एका बाईनं कोणत्या तरी गुळगुळीत चेहऱ्यापुढे लेकराला वाकायला लावलं. अध्यक्षांनी कधीच न जन्मलेल्या एका गृहस्थाला हार घातला आणि डोळे मिटले. टाळ्या झाल्या.

मावशी भिंतीजवळ गेली होती. मान वर करून मागच्या रांगेकडे पाहत होती.

"बाई, माहा बाप कुठं हाय?"

मी तिला मातीच्या ढिगाजवळ नेलं. ढीग हिरवळ झाला होता. त्यावर एक तरुण उभा होता, खांद्यावर शाल, हातात काठीसारखं काहीतरी. कुदळीचं पातं यंत्राला कळलं नसावं.

"हा नव्हे," मावशी म्हणाली.

अध्यक्ष लगबगीनं आले. "मावशी, तोच आहे. कॉम्प्युटरनं जरा साफ केला."

"साफ कराले तो का भांडं होता?"

दोन बायका हसल्या. अध्यक्षही हसले, हसणं त्यांना कुठेही करता येतं. "अहो, किती छान दिसतो. शाल दिली आपण त्याला. सत्कारच झाला म्हणा."

"मले शाल नाई पायजे. तोंड पायजे त्याचं."

"मग असं करा," अध्यक्ष म्हणाले, आणि मी हे त्यांच्या तोंडून माझ्या कानांनी ऐकलं आहे, "तुमच्याजवळ त्यांचा एखादा फोटो असेल तर आणून द्या. बसवून देतो तिथं."

मी अध्यक्षांना म्हटलं, त्यांच्याजवळचा फोटो तुमच्याजवळ आहे. तो द्या.

"तो फाटका? आता हाच ओरिजिनल समजा ना, ताई."

"फोटो कुठे आहे?"

"वास्तुशांतीच्या आधी भंगलेल्या वस्तू हॉलात नको म्हणाले महाराज. सगळे चेहरे कापलेले, मेलेली माणसं... बरं नाही ते. आम्ही काही फेकला नाही हं. रीतसर हळदकुंकू वाहून, नमस्कार करून, पिंपळाखाली ठेवला."

तडकलेल्या देवांना, जुन्या कॅलेंडरांवरच्या देव्यांना, काच फुटलेल्या तसबिरींना आमच्याकडे पिंपळाखाली नेऊन ठेवतात, कारण देव कचऱ्यात टाकवत नाही. मूळ फोटोचा निकाल त्यांनी याच भक्तिभावानं लावला होता. फेकला असता तर मी भांडले असते. नमस्कार करून फेकणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, याचा रिवाज आमच्याकडे अजून पडलेला नाही. तरीही मी भांडले. स्वागताध्यक्षांचं भाषण सुरू होतं, ते थांबलं. मी म्हटलं, की दुसऱ्याच्या घरची वस्तू विसर्जित करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला. आणि जिच्या बापानं तुमच्या आजोबाच्या कोरड्या नळाला पाणी आणलं, तिलाच तुम्ही फोटो आणून द्या म्हणता? हेडमास्तर माझ्या कानाशी आले. "ताई, शुभप्रसंग आहे." वस्तीत पाणी नसताना कोणाला शुभप्रसंग आठवला नव्हता.

मावशीनं माझा दंड धरला. "चाला, बाई. इथं बोलून काय होते? झाडाखाली पाहू."

ऊन असं होतं, की पिंपळाची सावलीसुद्धा तापली होती. पाराभोवती देवांचा ढीग. मावशी खाली बसली आणि एकेक तसबीर उचलून बाजूला ठेवू लागली, प्रत्येक वेळी कपाळाला हात लावून. "सरका, देवा. तुमाले भक्त लय हायत." मी काचा वेचत होते. चौकटी, गणपती, एका दुकानाच्या नावाचं कॅलेंडर, पुन्हा गणपती. हळदकुंकवानं माखलेला फोटो एका लक्ष्मीच्या पाठीशी चिकटलेला निघाला.

वाळवी लागली होती. खुर्च्यांच्या रांगेची डावी बाजू गेली होती. मावशीनं पदरानं माती झटकली, फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"तुमचे बाबा गेले, बाई," ती हळूच म्हणाली. आणि मग, जराशा संकोचानं, "माहा हाय."

माझ्या वडिलांचे फोटो घरात भरपूर आहेत. तरी त्या क्षणी मला वाईट वाटलं, हे सांगितलं पाहिजे. पण त्या झाडाखाली वाईट वाटून घेण्यात माझा नंबर पहिला नव्हता. मातीच्या ढिगावर, खांद्यावर कुदळ, उन्हानं बारीक केलेले डोळे, हरभऱ्याएवढा तो होता.

घरी येऊन मी फोटो पुसला आणि म्हटलं, आता हा मी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवते. आखाजीला काढून आणत जाईन.

मावशी पाटावर बसली होती. पाणी प्यायली. म्हणाली, "नाई. ब्लेड आना."

"मावशी, इतकी वर्षं तुम्हीच नाही म्हणालात. चार लोकात उभा आहे म्हणून."

"तवा लोक होते. आता कोन हाय त्याच्याजवळ? कापेल भोकं. आन् त्या भिंतीवर जे उभे हायत, थे कोनाचे हायत? उद्या मी मेली आन् तुमी गेल्या, का मंग हेच पोट्टे म्हनतीन, का हा शालवालाच तिचा बाप. मले नाई ठेवाचा तो त्यायच्यात. काढून द्या."

मी अजून बोलत होते. मूळ पुरावा आहे, पूर्ण राहिला पाहिजे, वर्तमानपत्रात पत्र लिहिते, दाखवून देते. हे सगळं मी खरंच म्हणाले. तिनं ऐकून घेतलं.

"तुमी लिवा. माह्या बापाले धरून नोका लिवू."

माझ्याकडे ब्लेड नव्हतं. दाढी करणारं कोणी घरात उरलं नाही. शेवटी शिवणाच्या डब्यातली लहान कात्री घेतली. जिभेचं टोक आपोआप दातात आलं. कुदळीसकट कापा म्हणाली, म्हणून कुदळीसकट कापलं. स्टुडिओत मोठा करून आणू का, असं विचारलं, तर तिनं जोरात मान हलवली. "मोठा केला का दुसराच निंगते. पाह्यलं नाई का आताच?"

तुकडा तिच्या तळहातावर ठेवला तेव्हा तो उलटा पडला. मागे छापलेली अक्षरं होती.

"काय लिवेल हाय?"

मी चष्मा नीट केला. त्याच्या डोक्यामागे बातमी नव्हतीच. वडिलांनी कात्रण जरा रुंद कापलं होतं, आणि शेजारच्या रकान्याची कड तिथे आली होती.

"दंतमंजनाची जाहिरात आहे, मावशी. दात मोत्यासारखे होतात म्हणे."

"होतेच त्याचे," ती म्हणाली. "कोयशानं घासे." मग तंबाखूची डबी उघडली, तंबाखू झाकणात ओतली, डबी पदरानं पुसली आणि तुकडा आत ठेवला.

आखाजीला ती आली नाही. यायचं कारण उरलं नव्हतं. पन्हं करून ठेवलं होतं, ते मीच तिच्या घरी घेऊन गेले. घागर भरलेली होती. घागरीला टेकवून ती डबी ठेवली होती, उघडी, कुदळवाला वर तोंड करून. मी वाकले तेव्हा मावशी म्हणाली, "जवळून पाहा, बाई. लांबून दिसत नाई तो."

माझं पत्र छापून आलं नाही. फ्लेक्स हॉलमध्ये आहे. लग्नं त्याच्यापुढेच लागतात आणि नवरा-नवरी त्या गुळगुळीत पूर्वजांच्या पाया पडतात. खरा फोटो माझ्याकडे आहे. त्यात आता खुर्च्या आहेत, मातीचा ढीग आहे, आणि पाणी यायच्या आधीचा नळ. त्याला मात्र अजून कोणी न्यायला आलेलं नाही.